नाकाबंदीत पोलिसांनी मोबाईल उघडून मागितला तर द्यावाच लागतो का?

घाटवळण
मंडळी, एक शंका आहे. कायदा जाणणाऱ्यांनी उत्तर द्यावं, न जाणणाऱ्यांनीही द्यावं, फक्त आपण कुठल्या गटातले ते आधी लिहावं.

परवा सेकंड शिफ्ट संपवून मी आणि मित्र दोन बाईकवर परत येत होतो. नाकाबंदी लागली. हेल्मेट होतं, पीयूसी होतं, लायसन्स डिजिलॉकरमध्ये होतं. ते दाखवायला फोन उघडला, तर साहेबांनी तो अलगद हातातून काढून घेतला, लायसन्सवर एक नजर टाकली आणि अंगठ्याने सरकवत थेट व्हॉट्सॲपमध्ये शिरले. "माल, स्टफ असलं काही आहे का बघतोय," म्हणाले. मग मित्राचा फोन मागितला. तो म्हणाला, "साहेब, वॉरंट आहे का?" त्यावर, "पिक्चर फार बघतोस का रे? गाडी बाजूला घे." बाजूला घेतली. बराच वेळ कुणी ढुंकून बघेना. शेवटी मित्राने मुकाट्याने फोन उघडून दिला. काही सापडलं नाही, आम्ही सुटलो.

मला तक्रार करायची नाहीये. प्रश्न एवढाच की नागरिकशास्त्रात मार्कांपुरते पाठ केलेले ते मूलभूत हक्क... त्यातला नेमका कुठला त्या रस्त्यावर माझ्या बाजूने उभा होता? की कुठलाच नव्हता?

चहाटळ
मी न जाणणाऱ्यांच्या गटात. समानतेचा हक्क उभा होता. दोघांचेही फोन बघितले ना?

सरळमार्गी
लपवायला काही नव्हतं तर पहिल्यांदाच द्यायचा ना फोन. दोन मिनिटांत सुटला असतात. शहरात एमडी (मेफेड्रोन, नशेची पावडर) किती बोकाळलंय ते पेपरात वाचतो आपण. पोलिसांनी काही केलं नाही तरी शिव्या, केलं तरी शिव्या.

मीनलक
@सरळमार्गी, माझ्या फोनमध्ये गुन्हा कुठलाच नाही. बाळाला पाजतानाचे फोटो आहेत, सोनोग्राफीचे रिपोर्ट आहेत, नवऱ्याशी झालेली भांडणं आहेत, बहिणीच्या घटस्फोटाची कागदपत्रं आहेत. रात्री अकरा वाजता रस्त्यात एका अनोळखी पुरुषाने ते चाळावं असं मला वाटत नाही. त्याच्या अंगावर खाकी आहे म्हणून तो ओळखीचा होत नाही.

सरळमार्गी
बायकांच्या फोनबद्दल मी बोलतच नव्हतो. विषय कुठल्या कुठे नेताय.

मीनलक
माझ्या आयडीत नाव बाईचं आहे म्हणून तुम्ही लगेच सूट दिलीत, आभार. पण घटलेखात "बायकांचा फोन" असं वेगळं कलम आहे का?

चहाटळ
घटलेख?! :खोखो:

मीनलक
घटनेत. ऑटोकरेक्टला हाणा.

वकिलीखाक्या
जाणणाऱ्यांच्या गटात. तालुका कोर्टात फौजदारी बाजू बघतो, त्यामुळे उत्तर लांबणार. चहा घेऊन बसा.

खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे हे २०१७ पासून पक्कं आहे. पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्टला एकमताने सांगितलं की तो अनुच्छेद २१ मध्येच, म्हणजे जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या पोटातच आहे. त्याआधी १९५४ चा एम. पी. शर्मा आणि १९६२ चा खरक सिंग असे दोन निकाल आडवे येत होते, ते त्या मुद्द्यापुरते बाजूला केले. पण हक्क आहे म्हणजे पोलिसांना कधीच हात लावता येत नाही असं नाही. त्यासाठी तीन गोष्टी लागतात: आधार म्हणून कायदा हवा, उद्देश रास्त हवा, आणि जेवढं गरजेचं तेवढंच करायला हवं. मुंगी मारायला जेसीबी नको.

आता तुमच्या रस्त्यावर या. कायदा कुठला लावणार? भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं (जुन्या सीआरपीसीच्या जागी १ जुलै २०२४ पासून आलेली, सगळे तिला बीएनएसएस म्हणतात) कलम १८५ वॉरंटशिवाय झडतीची परवानगी देतं. म्हणजे "वॉरंट आहे का" हा पिक्चरमधला प्रश्न दरवेळी लागू पडत नाही, तिथे तुमचे साहेब अर्धे बरोबर. पण १८५ साठी तपास चालू असलेला गुन्हा हवा, अमुक ठिकाणी अमुक वस्तू मिळेल असं मानायला सबळ कारण हवं, ते कारण तपासी अधिकाऱ्याने आधी लेखी नोंदवायला हवं, झडतीचं चित्रीकरण हवं, आणि त्या नोंदीची प्रत ४८ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटकडे जायला हवी. रस्त्यावरून जाईल त्याचा व्हॉट्सॲप उघडून "स्टफ" शोधणं यातल्या कशात बसतं? कशातच नाही.

कलम ९४ खाली तपासासाठी फोन हजर करायला सांगता येतो, पण तिथेही लेखी आदेश आला. कलम १०६ खाली संशयास्पद वस्तू जप्त करता येते, पण मग पंचनामा करा, जप्ती दाखवा, जबाबदारी घ्या. अधलंमधलं, म्हणजे जप्तीही नाही आणि नुसतं चाळून परत, याला नाव नाही.

निवृत्तफौजदार
वकीलसाहेबांनी पुस्तक बरोबर वाचलंय. आता रस्ता मी सांगतो. आयुष्य खात्यात गेलं, नाकाबंद्या किती लावल्या हिशेब नाही.

नाकाबंदीवरच्या पोराला वरून सांगितलेलं असतं, आज एवढ्या केसेस दाखवा. सकाळपासून बंदोबस्त, त्यावर ही ड्युटी. त्याला घटनापीठ माहीत नाही, त्याला पीआय माहीत आहे. आणि कायदा त्याच्याकडे अगदी नाही असंही नाही. महाराष्ट्र पोलीस कायद्याचं कलम ६८, पोलिसांची वाजवी सूचना पाळलीच पाहिजे. नाही पाळली तर ६९ खाली बाजूला घेता येतं. आता बीएनएसएसमध्येही १७२ आलंय तसंच. त्यामुळे "गाडी बाजूला घे" हे बेकायदेशीर नव्हतं.

वकिलीखाक्या
फौजदारसाहेब, नमस्कार. ६८ मध्ये "वाजवी" आहे आणि १७२ मध्ये "कायदेशीर" आहे, आणि तेही पोलिसांचं कर्तव्य बजावताना दिलेल्या सूचनेपुरतं. गाडी बाजूला घे, हे वाजवी. व्हॉट्सॲप उघड, हे कसं?

निवृत्तफौजदार
नाही वाजवी. मान्य. पण ते रात्री सव्वाअकराला ठरवणार कोण? तुम्ही कोर्टात ठरवाल वर्षभराने. तिथे रस्त्यावर पोरगा वाद घालायला लागला, हात झटकला, की झाला जुन्या आयपीसीचा ३५३. आता नव्या भारतीय न्याय संहितेत त्याचा १३२ झालाय. सरकारी कामात बळाचा वापर. फोन राहिला बाजूला, नोकरीचं व्हेरिफिकेशन अडकलं. म्हणून माझा स्वतःच्या पुतण्यालाही सल्ला असतो की तोंडाने काय ते बोल, हात खिशात ठेव.

चहाटळ
हात खिशात ठेवला तर "खिशात काय आहे" असं विचारतील की काका.

निवृत्तफौजदार
हे बाकी खरं आहे हो.

न्यूजर्सीचानाना
इकडे २०१४ मध्ये रायली विरुद्ध कॅलिफोर्निया निकाल एकमताने लागला. अटक केलेल्या माणसाचा फोनसुद्धा सहसा वॉरंटशिवाय उघडता येत नाही. भारतात असं काही यायला हवं.

पारावरचागप्पिष्ट
नाना, आणि विमानतळावर तुमच्याच इमिग्रेशनवाल्याने फोन मागितला तर?

न्यूजर्सीचानाना
ते वेगळं. सीमेवर वॉरंट लागत नाही.

पारावरचागप्पिष्ट
म्हणजे सगळ्यात जास्त घाबरलेला असतो तिथेच नाही लागत. चालू द्या.

स्वल्पविराम
एक बाळबोध प्रश्न. फोन उघडून दे म्हणजे पासवर्ड सांग. हे स्वतःविरुद्ध साक्ष देणं नाही का? ते अनुच्छेद २० मध्ये आहे ना काहीतरी?

वकिलीखाक्या
बाळबोध अजिबात नाही, मोठे मोठे यात अडकलेत. २०(३): गुन्ह्याचा आरोप असलेल्याला स्वतःविरुद्ध साक्षीदार व्हायची सक्ती करता येत नाही. १९६१ मध्ये मुंबई राज्य विरुद्ध काठी कालू ओघड या खटल्यात अकरा न्यायमूर्ती बसले आणि म्हणाले, बोटांचे ठसे, हस्ताक्षराचा नमुना देणं म्हणजे साक्ष नव्हे. साक्ष म्हणजे तुमच्या डोक्यातली माहिती बाहेर काढणं. पुढे २०१० मध्ये सेल्वी खटल्यात नार्को आणि ब्रेन मॅपिंगची सक्ती याच कारणाने बाद ठरली.

आता गंमत बघा. फोन अंगठ्याने उघडत असेल तर तो ठसा. पिन डोक्यात असेल तर ती माहिती. कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये पासवर्ड देणं ही साक्ष नाही असं म्हटलं. २०२२ मध्ये दिल्लीच्या विशेष सीबीआय न्यायालयाने उलट सांगितलं, पासवर्डची सक्ती करता येणार नाही. आणि २०(३) "आरोपी"ला आहे. नंदिनी सत्पथी खटल्यात (१९७८, त्या ओडिशाच्या माजी मुख्यमंत्री) हे संरक्षण पोलीस चौकशीपर्यंत मागे आणलं गेलं, पण नाकाबंदीतला घाटवळण हा आरोपीही नाही, संशयितही नाही. त्याची ढाल २१ हीच.

सरळमार्गी
म्हणजे आरोपीला जास्त हक्क आणि साध्या माणसाला कमी? वा रे घटना.

वकिलीखाक्या
जास्त नाहीत, वेगळे. आरोपीच्या मागे राज्यसंस्था आधीच लागलेली असते म्हणून.

पारावरचागप्पिष्ट
राज्यसंस्था मागे लागणं म्हणजे काय ते आमच्या घराने पाहिलंय, म्हणून थोडं लिहितो. वडील शाळामास्तर, आणीबाणीत मिसाखाली (खटल्याशिवाय डांबून ठेवायचा तेव्हाचा कायदा) येरवड्याला तुरुंगात. अटकेचा हुकूम म्हणून जो कागद आईच्या हाती आला तो छापील होता, फक्त नाव शाईने भरलेलं. कारण? दिलंच नव्हतं, द्यायची गरजच ठेवली नव्हती. मुंबईसह नऊ उच्च न्यायालयं म्हणत होती की स्थानबद्ध माणसाला दाद मागता येईल. २८ एप्रिल १९७६ ला सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एकने ते फिरवलं. तोच एडीएम जबलपूर खटला. एकटे हंसराज खन्ना विरोधात उभे राहिले आणि त्याची किंमत म्हणून त्यांचं सरन्यायाधीशपद गेलं.

बहुमतात आपले पुण्याचे यशवंतराव चंद्रचूड होते. वकीलसाहेबांनी वर जो पुट्टस्वामी सांगितला, त्यात एडीएम जबलपूर चूक होता असं लिहिणारे त्यांचेच चिरंजीव धनंजय चंद्रचूड. मुलाने वडिलांचा निकाल मोडला म्हणून लोकांना कौतुक वाटतं. मला एक्केचाळीस वर्षं लागली याचं वाटतं.

मीनलक
आज आणीबाणी लागली तर तसं परत होईल?

पारावरचागप्पिष्ट
१९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३५९ (आणीबाणीत मूलभूत हक्कांसाठी कोर्टात जाणं थांबवणारा) बदलला. आता आणीबाणीतसुद्धा २० आणि २१ ची दारं बंद करता येत नाहीत. जनता सरकारच्या नावावर लोक काहीही खपवोत, हे एक काम चोख झालं.

पण अनुच्छेद २२ कडे लक्ष असू द्या. २२(१) आणि (२) मध्ये अटकेची कारणं सांगा, वकील भेटू द्या, २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढे न्या, हे सगळं आहे आणि लगेच खाली २२(३) ते प्रतिबंधक स्थानबद्धतेला (गुन्हा होण्याआधीच डांबून ठेवण्याला) लागू नाही म्हणतं. एका हाताने दिलं, दुसऱ्या हाताने काढून घेतलं. आपल्याकडचा एमपीडीए, महाराष्ट्राचा स्थानबद्धतेचा कायदा, १९८१ चा, झोपडपट्टीदादा आणि हातभट्टीवाल्यांसाठी केलेला, तो याच वाटेने चालतो.

निवृत्तफौजदार
एमपीडीए नसता तर काही वस्त्यांत बायकांना रात्री दार उघडता आलं नसतं. साक्ष द्यायला कुणी पुढे येत नाही तिथे करायचं काय? हेही लिहा.

पारावरचागप्पिष्ट
लिहिलंत ना तुम्ही. मी नाही म्हणत नाही. पण त्यातले किती हुकूम हायकोर्टात पडतात तेही तुम्हाला ठाऊक आहे.

पालावरून
वाचनमात्र होते, आता राहवत नाही. पारधी आणि इतर भटक्या-विमुक्त वस्त्यांवर शाळा सोडलेल्या मुलांचं काम करते.

इथे चर्चा फोन चाळण्याची चाललीय. आमच्या पालावर चोरी कुठेही होवो, पोरं उचलतात. उचलणं हा शब्द पोलीस, वस्ती, पत्रकार सगळेच वापरतात, अटक कुणी म्हणत नाही. कारण अटक म्हटली की वेळ लिहावी लागते आणि २४ तासांचं घड्याळ सुरू होतं. उचललेल्याचं घड्याळ सुरूच होत नाही. सोमवारी नेलेला पोरगा कागदावर गुरुवारी "मिळून येतो" आणि शुक्रवारी कोर्टात उभा राहतो. कागद बघितला तर अनुच्छेद २२ शंभर टक्के पाळलेला.

फौजदारसाहेबांनी पोलीस कायद्याचं ६८ सांगितलं, १२२ नाही सांगितलं. सूर्यास्त ते सूर्योदय, "नामांकित चोर" रस्त्यावर रेंगाळताना मिळाला आणि समाधानकारक उत्तर देऊ शकला नाही तर गुन्हा. नामांकित कोण ते ठरवायला जात पुरते. गुन्हेगार जमातींचा कायदा १८७१ चा, रद्द झाला १९५२ ला, सोलापूरच्या सेटलमेंटची (या जमातींना डांबून ठेवायची वसाहत) तारांची कुंपणं गेली. मनातली नाही गेली.

मीनलक
:(

घाटवळण
पालावरूनताई, माझा प्रश्न आता फारच फालतू वाटायला लागलाय.

पालावरून
फालतू कशाला? तुमचा फोन बिनकारण बघतात आणि आमची पोरं बिनकारण नेतात, यात नियम एकच मोडतो. लेखी काहीच नाही. आम्ही वस्तीवर आता एकच गोष्ट शिकवतो. पोराला नेलं की त्याच तासाला आईने ठाण्यावर जायचं आणि अर्ज द्यायचा: माझ्या मुलाला इतक्या वाजता अमुक गाडीतून नेलं. पोच मिळाली तर उत्तम, नाही दिली तर तोच अर्ज पोस्टात जाऊन रजिस्टर्ड एडीने एसपींना. पावतीवर तारीख आणि वेळ छापून येते. पोराला गुरुवारी पकडला म्हणणाऱ्यांपुढे सोमवारची पोस्टाची पावती ठेवली की रिमांडच्या वेळी मॅजिस्ट्रेट मान वर करून बघतात. एरवी बघत नाहीत.

वकिलीखाक्या
ताई, दंडवत. डी. के. बसू निकालातली (डिसेंबर १९९६) अकरा मार्गदर्शक तत्त्वं मी ज्युनिअरना घोकायला लावतो: नावाची पट्टी, साक्षीदाराच्या सहीचा अटक मेमो, नातेवाइकाला खबर, दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी. ती प्रत्येक ठाण्याच्या भिंतीवर लावलेली असतात. पण ती पोस्टाची पावती त्या फलकापेक्षा जास्त कामाची आहे.

आणि कोठडीतल्या माणसाला उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळतो. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचं कलम १२. हेल्पलाइन १५१००. बायकांना आणि अनुसूचित जाती-जमातींनाही उत्पन्नाची अट नाही.

निवृत्तफौजदार
ताई, तुम्ही लिहिलंय त्यातलं मी काही नाकारणार नाही. स्टेशन डायरीत नोंद उशिरा पडते हे खात्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे. यापेक्षा जास्त इथे लिहीत नाही.

चहाटळ
धागा फार गंभीर झाला म्हणून थोडं अवांतर. माझी मावशी, निवृत्त शिक्षिका, विषय इतिहास-नागरिकशास्त्र. तिला व्हिडिओ कॉल आला: "आम्ही सीबीआय, तुमच्या आधारवर पार्सलमध्ये ड्रग्ज सापडलेत, तुम्हाला डिजिटल अरेस्ट केलंय, कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही." मावशी म्हणाली, "बरं. मग २४ तासांत कुठल्या मॅजिस्ट्रेटपुढे नेणार ते सांगा, म्हणजे मी डबा घेऊन निघते. आणि सूर्यास्त झालाय, महिला पोलीस कुठाय?" समोरच्याने आधी आवाज चढवला, मग आपणच फोन कापला.

स्वल्पविराम
मावशी _/\_ वाखुसा (वाचनखूण साठवली)!

वकिलीखाक्या
मावशींना सनद द्या. डिजिटल अरेस्ट नावाचा प्रकार कुठल्याच कायद्यात नाही. कुणाचे पैसे गेले असतील तर १९३० वर लगेच फोन करा, पहिले काही तास महत्त्वाचे. आणखी एक, बीएनएसएसच्या कलम ३५ ची चौकशीला हजर राहण्याची नोटीससुद्धा व्हॉट्सॲपवर चालत नाही, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये पोलिसांना बजावलंय.

सरळमार्गी
सगळं वाचलं. माझं मत फार बदललेलं नाही. पालावर होतं ते वाईटच आहे, त्यावर दुमत नाही. पण नाकाबंदीत फोन बघितला म्हणून आभाळ कोसळत नाही.

मीनलक
फोनमध्ये काय सापडेल हे बघणाऱ्यावर अवलंबून असतं. २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना बाळासाहेबांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल एक फेसबुक पोस्ट आणि एक लाइक एवढ्यावरून अटक झाली होती. त्यावरून श्रेया सिंघल ही कायद्याची विद्यार्थिनी कोर्टात गेली आणि २०१५ मध्ये आयटी कायद्याचं ६६अ पूर्ण रद्द झालं. आणि रद्द झाल्यावरही कित्येक ठाण्यांत त्याखाली गुन्हे नोंदवणं चालूच होतं, २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर धक्का व्यक्त केला. त्या मुलींनाही लपवायला काही नव्हतं. पोस्ट तर सगळ्यांना दिसेल अशीच टाकली होती.

सरळमार्गी
हं. लाइकवाली केस विसरलो होतो.

घाटवळण
मूळ मुद्द्यावर येतो. वकीलसाहेब, पुढच्या वेळी नेमकं काय बोलायचं? भाषण नको, रस्त्यावर बोलता येईल असं एक वाक्य द्या.

वकिलीखाक्या
"साहेब, गाडीचे कागद बघा, मी थांबतो. फोन तपासायचा असेल तर कुठल्या गुन्ह्यात ते लिहून द्या, लगेच देतो." आवाज खाली. नाव आणि बक्कल नंबर वाचून ठेवायचा, विचारायचा नाही. अंमली पदार्थांसाठी अंगझडती घ्यायची म्हणाले, तर एनडीपीएसच्या (अंमली पदार्थांचा कायदा) कलम ५० खाली राजपत्रित अधिकारी किंवा मॅजिस्ट्रेटसमोर घ्या असं म्हणायचा हक्क आहे आणि तो हक्क आहे हे त्यांनीच तुम्हाला सांगायचं असतं. फोन ओढून घेतलाच तर झटापट करायची नाही. दुसऱ्या दिवशी पोलीस उपायुक्त किंवा एसपी कार्यालयात लेखी अर्ज. ताईंची पोस्टाची पावती इथेही चालते.

निवृत्तफौजदार
हे वाक्य चालेल. "लिहून द्या" म्हटलं की दहातले सात जण "जा" म्हणतात. लिहायचा कंटाळा हा आमच्या खात्याचा जुना रोग आहे, पब्लिकच्या कामाला येऊ दे.

चहाटळ
उरलेले तीन?

निवृत्तफौजदार
त्यांच्यासाठी वकीलसाहेब आहेत.

स्वल्पविराम
आयटीवाली असल्याने एक तांत्रिक भर. अँड्रॉइडमध्ये ॲप पिन करता येतं, आयफोनमध्ये गाइडेड ॲक्सेस असतं. सेटिंगमध्ये एकदा चालू करून ठेवायचं. मग डिजिलॉकर पिन करून फोन हातात दिला की समोरच्याला लायसन्सच दिसतं, बोट कितीही सरकवलं तरी पिनशिवाय बाहेर पडता येत नाही. मी लहान भाच्याला कार्टून लावून देताना वापरते.

घाटवळण
हे माहीतच नव्हतं! आत्ताच करून बघितलं, चालतंय.

वकिलीखाक्या
पिन करणं हा कुठलाही गुन्हा नाही. मीही करून ठेवतो.

निवृत्तफौजदार
करा करा. पण आमचं नाक्यावरचं पोरगं पहिलं विचारणार, "पिन कशाला केलाय रे?"